आधी चांगल्या मशीनवर

यंत्र माझ्यासाठी आणलं होतं आणि मी ते आधी बायकोला लावलं. चूक म्हणाल तर एवढीच. ती मी भर दुपारी, डोळ्यांवर चष्मा चढवून, माहितीपत्रक वाचून आणि चेहऱ्यावर 'यातलं आपल्याला कळतं' असा भाव ठेवून केली. माझ्या बहुतेक चुका याच पद्धतीने होतात.

यंत्र झोपेचं होतं. छातीला बांधायचा पट्टा, त्यावर काडेपेटीहून थोडी मोठी डबी, बोटाला लावायचा चिमटा आणि नाकाशी ठेवायची एक बारीक नळी. हे सगळं लेवून माणसाने झोपायचं. तो झोपेत श्वास कसा घेतो, रक्तातला प्राणवायू किती राहतो, ते डबी टिपत राहते. मग डबी दवाखान्याला परत करायची. तिथले लोक ते टिपण संगणकावर उतरवतात आणि तुमच्या घोरण्याची कुंडली मांडतात. कुंडली माझी मांडायची होती. यंत्र बायकोला का लावलं, हे कळायला मात्र माझा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल.

मी हवेवर जगतो. गंमत नाही, तोच माझा पगार आहे. कारखान्याला जशी वीज लागते, पाणी लागतं, तशी दाबाची हवा लागते. रंगाचा फवारा मारायला हवा, बाटलीला बूच बसवायला हवा, दाताच्या डॉक्टरची ती कर्कश सुई फिरवायलासुद्धा हवा. ही हवा दाबून टाकीत भरतो तो कॉम्प्रेसर, आणि तो बिघडला की येतो तो मी. कोल्हापूरकडून या कामासाठी चेन्नईला आलो, मैलापुरातल्या तंजावरी मराठी घरात लग्न केलं आणि इथलाच झालो. अंबत्तूरच्या कारखान्यांच्या इस्टेटीत मला 'कादु सार' म्हणतात, म्हणजे कानवाले साहेब. कारण मी कॉम्प्रेसरजवळ गेलो की पहिल्यांदा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावतो आणि मूठ कानाला. आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकू येतं. हातात मीटर असतो, पण कानाची खोड जात नाही.

आवाज हा विषय लोकांना उगाच सोपा वाटतो. पूनमल्ली रस्त्यावर एक म्हातारा पंक्चरवाला होता. त्याचा कॉम्प्रेसर बैलगाडीसारखा कुरकुरायचा. मी दोन दिवस खपून तो असा गुळगुळीत केला की शेजारी उभं राहिलं तरी कळू नये. चौथ्या दिवशी म्हातारा भांडायला आला. म्हणाला, "सार, आवाज परत द्या. वळणावरून लोकांना ऐकू यायचं की दुकान चालू आहे. आता सगळे पुढे जातात." शेवटी मी त्याचा एक पत्रा मुद्दाम सैल करून दिला. माझ्या आयुष्यातली सर्वांत यशस्वी नादुरुस्ती ती.

तर नव्या मुलांना मी पहिला धडा हाच देतो. चालू मशीनच्या आवाजाला घाबरू नका. आवाज अचानक थांबला, तर मात्र हातातली कॉफी टाकून पळा. आणि दुसरा धडा असा की मीटर हातात आला की तो लगेच आजारी मशीनला लावायचा नाही. आधी चांगल्या मशीनवर लावून बघायचा. चांगल्यावर आकडा बरोबर आला तर मीटर खरा, आणि मग आजाऱ्याबद्दल तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा.

या दुसऱ्या धड्याची एक गोष्ट आहे, ती मी इतक्यांदा सांगितलीय की अंबत्तूरमध्ये लोक मला बघून रस्ता बदलतात. राजमाणिक्कम नावाचे एक मालक आहेत, रबराचे वायसर बनवतात. त्यांच्या शेडमध्ये दोन कॉम्प्रेसर शेजारी शेजारी. त्यांनी त्यांना नावं दिलीत, पेरियवर आणि चिन्नवर, म्हणजे थोरले आणि धाकटे. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, दोघांना हार, दोघांना कुंकू. एकदा त्यांचा फोन आला की थोरला कण्हतोय. गेलो. थोरला खरंच शेजारच्या शेडपर्यंत ऐकू जाईल असा खडखडत होता. धाकटा आपला शांत, सालस. मी नियमाप्रमाणे कंपनाचा मीटर आधी धाकट्याला लावला, तर आकडा भलताच वर. मी मीटर मांडीवर आपटला. बॅटरी बदलली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मीटर खराब आहे म्हणून कंपनीच्या माणसाला फोनवर चार शब्द सुनावलेसुद्धा. मग दुसरा मीटर मागवला, तोही तेच म्हणाला, तेव्हा कुठे धाकट्याला उघडलं. आत बेअरिंगचा चुरा झाला होता. आणखी थोडे दिवस चालवला असता तर आतल्या आत जाम होऊन फुटला असता. थोरल्याचं काय, तर एक बोल्ट सैल. पत्रा वाजत होता.

आता घरी येतो.

आमच्या घरी मी थोरला. माझं घोरणं मैलापुरात प्रसिद्ध आहे. आमच्या खाली राहणारे निवृत्त मास्तर मला 'काल आपण राग मुखारी घेतला होता की तोडी' असं विचारतात. लग्नानंतर काही वर्षांतच सुगुणाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझी गादी बाहेरच्या हॉलमध्ये टाकली आणि आतून दार लावून घेतलं. तिथे ती आणि पलीकडच्या खोलीत तिची आई. सासूबाईंना आम्ही सगळे अम्माच म्हणतो. त्यांची मराठी तंजावरची. 'मला' नाही, 'मज'. 'झालं' नाही, 'जाहलं'. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, बखरच बोलतेय. मध्येच 'अय्यो' आलं की मी चेन्नईत परत यायचो.

सुगुणा नुंगंबाक्कमच्या एका बँकेत आहे. अंगाने काडी. वजनकाट्यावर उभी राहिली तर काट्यालाच शंका यावी अशी. पण गेली काही वर्षं तिचं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी उठायची ती डोकं धरून. संध्याकाळी भाजी निवडता निवडता मान खाली जायची. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरातल्या गाण्यांच्या महिन्यात, सभेला गेलो की दुसऱ्या कीर्तनालाच हिचे डोळे मिटलेले, आणि मांडीवर ताल मात्र चालू. मी कौतुकाने लोकांना दाखवायचो, "बघा, झोपेतही सम चुकत नाही." रक्तदाबाची गोळी सुरू झाली. विसरायला लागली. एकदा लझ कॉर्नरच्या सिग्नलला स्कूटर पुढच्या रिक्षाला टेकवली आणि रिक्षावाल्यालाच इतकं बोलली की त्यानेच 'सॉरी अम्मा' म्हटलं.

या सगळ्याचं कारण घरात ठरलेलं होतं. कारण मी.

"दार लावलं तरी तुमचा आवाज भिंतीतून येतो," ती म्हणायची. "मला झोप म्हणून लागत नाही. उठते ती कालच्यापेक्षा दमलेली."

"कापूस घाल कानात."

"कापूस मी का घालू? तुम्ही नाकात घाला."

शेवटी तिने बँकेतल्या कुणाकडून तरी ऐकलं की अशा घोरण्याने झोपेत श्वास अडकतो, त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात, आणि त्याची तपासणी घरच्या घरी होते. तिनेच दवाखाना शोधला, तिनेच पैसे भरले, एका शनिवारी तिनेच ती डबी आणली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली. वाढदिवसाची भेट ठेवावी तशी.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी डबी हातात घेतली. यंत्र भाड्याचं, कोण कुठे आपटलंय माहीत नाही. सरळ आजारी मशीनला कसं लावणार? मी म्हटलं, "आधी चांगल्या मशीनवर बघू."

घरात चांगली मशीनं दोन. मी आधी अम्मांकडे गेलो. त्या सुपारी कातरत होत्या.

"अम्मा, दुपारच्या झोपेत एवढं बांधून घ्या. काही दुखत नाही."

"मज नको."

"फक्त यंत्र बरोबर आहे का ते बघायचंय."

"जावईबावा, मी मेले की हव्या तितक्या नळ्या लावा. जिवंतपणी नको. पो, पो, जा तिकडे."

आतून सुगुणाचा आवाज आला, "द्या इकडे, मी लावते. कुठलं यंत्र का असेना, झोपायला सांगतंय ना? मग मी तयार आहे."

मी पट्टा बांधला, चिमटा लावला, नळी नाकाशी चिकटवली. हिरवा दिवा लागला. ती कुशीवर वळली आणि तेवढ्यात झोपलीसुद्धा. मी अम्मांना म्हटलं, "बघा, चांगलं मशीन कसं लगेच चालू होतं." आणि बाहेर जाऊन पेपर वाचत बसलो. रात्री तेच यंत्र मी लावून झोपलो आणि सोमवारी कामावर जाताना दवाखान्यात देऊन टाकलं.

बुधवारी सकाळी मी राजमाणिक्कमच्या शेडमध्ये होतो. पेरियवर आणि चिन्नवर यांच्या मधल्या बोळात, हातात पाना. फोन वाजला. दवाखान्यातली मुलगी होती. तिची इंग्रजी आणि माझी तमिळ, दोन्ही इथे मराठीत सांगतो.

"सार, तुमच्या डबीत दोन नोंदी आहेत. एक दुपारची, एक रात्रीची. रात्रीची जवळजवळ ठीक आहे. पण दुपारची फार वाईट आहे. श्वास पुन्हा पुन्हा थांबलाय, प्राणवायू खूप खाली गेलाय. एकाच माणसाच्या इतक्या वेगळ्या नोंदी मी पाहिल्या नाहीत. दुपारी तुम्ही काही घेतलं होतं का?"

मी हसलो. खरंच हसलो. "अहो, दुपारची माझी नाहीच. यंत्र तपासायला मी ते बायकोला लावलं होतं. तिला काही नाही हो, ती धडधाकट आहे. याचा अर्थ तुमचं यंत्र बिघडलंय. मला वाटलंच होतं. रात्रीचंही चुकीचंच दाखवलं असणार. मी गेली तीसेक वर्षं मीटरच हाताळतोय..."

मग ती मुलगी म्हणाली, "सार, मॅडम आत्ता कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? बँकेच्या वाटेवर. पोचतच असेल आता."

"कशाने जातात?"

"स्कूटरने."

ती अगदी हळू म्हणाली, "स्वतः चालवतात?"

मी फोन ठेवला तेव्हा राजमाणिक्कम शेजारी उभे होते. मी त्यांना हसत सांगायला गेलो की बघा हल्ली कसली कसली यंत्रं देतात, थोरल्याला सोडून धाकट्यालाच... आणि वाक्य तिथेच राहिलं. ते पूर्ण केलं राजमाणिक्कमनी.

"सार," ते म्हणाले, "म्हणजे आपल्या चिन्नवरसारखं?"

मी त्या दोन मशीनांच्या मध्ये उभा होतो. दोन्ही चालू होती. मला काही ऐकू येत नव्हतं. ज्या गोष्टीने मी शहरभर लोकांना पिडलं, तीच गोष्ट मला कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं, आणि मी अजून मीटर मांडीवर आपटत होतो.

सुगुणाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शाखेत लावला, तिथले म्हणाले, "मॅडम अजून आल्या नाहीत." त्या वेळी तिने खुर्चीत असायला हवं होतं. राजमाणिक्कमनी काही न विचारता गाडी काढली. अंबत्तूर ते नुंगंबाक्कम मी प्रत्येक पडलेल्या स्कूटरकडे, प्रत्येक गर्दीकडे बघत गेलो. रस्त्यात एका ठिकाणी लोक गोळा झाले होते. मी चालत्या गाडीचं दार उघडलं. उसाच्या रसाची गाडी होती.

बँकेत शिरलो तर ती काउंटरवर बसलेली. पुढे एका आजोबांचं पासबुक. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. माझ्या मागे बँकेचा रखवालदार, कारण माझ्या हातात तो पाना तसाच होता आणि अंगावर तेलकट कपडे.

तिने वर पाहिलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तोंड असं का? आणि पाना कशाला आणलात? बँक उघडायला?"

"तुला उशीर का झाला?"

"उशीर कसला, थोडंसंच. कॉलेज रोडला झाडाखाली स्कूटर लावून जरा डोळे मिटले होते. रोजच मिटते."

"रोज?"

"मग काय! तुम्ही रात्री झोपू देता का?"

ती पुन्हा पासबुकाकडे वळली. आजोबा माझ्याकडे दयेने बघत होते. रोज. ती हे असं म्हणाली, जसं कुणी रोज कोपऱ्यावर फुलं घेते म्हणावं.

त्या दिवशी तिला मी गाडीतून घरी आणलं, स्कूटर राजमाणिक्कमच्या माणसाने आणली. घरी महाभारत. तिने मानायलाच नकार दिला. बरोबरच होतं. सगळ्या शाखेला तिने माझ्या घोरण्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, नकला करून दाखवल्या होत्या. आणि आता आजार तिचा?

"तुमची डबी. त्यात तुमचंच घोरणं भरून राहिलं असेल."

"तसं होत नसतं, सुगुणा."

"मी घोरते? मी? अम्मा, ऐकलंस?"

अम्मांनी अडकित्ता खाली ठेवला. "आमच्या घरातल्या बायका घोरत नाहीत," त्या म्हणाल्या. एखाद्या घराण्याचा शिक्का असावा तसं.

"उद्यापासून रिक्षाने जा," मी म्हटलं.

"स्कूटर माझी आहे," ती म्हणाली. दवाखान्यातल्या मुलीने दोनदा फोन केला, तोही हिने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन गेली. मी मागून रिक्षाने गेलो, पार बँकेपर्यंत, लांबून. तिसऱ्या दिवशीही. रिक्षावाल्याला वाटलं मी संशयी नवरा आहे. झाडाखाली ती थांबली तसा मीही पुढच्या वळणावर थांबलो. हेल्मेट न काढता ती आरशाला टेकून झोपली होती, आणि शेजारून बस जात होत्या.

पुढच्या रविवारी दुपारी ती झोपली तेव्हा मी खुर्ची घेऊन शेजारी बसलो. इतक्या वर्षांत मी तिला झोपलेली अशी बसून कधी पाहिलीच नव्हती. मी आधी झोपतो, आणि बाहेर झोपतो. फोन उघडून उशाशी ठेवला. कंपनीला मशीनचा आवाज पाठवायचा असला की मी असाच भरून घेतो.

सुरुवातीला बारीक घोरणं. माझ्यासारखं मैफली नाही, जात्यावर कुणी हळूहळू दळावं तसं. आणि मग ते थांबलं.

मला बरं वाटलं. हे मला लिहून ठेवायलाच हवं. पहिली भावना 'आता शांत झोपली' हीच. मग मी तिच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत होती, पोट ओढलं जात होतं, मान ताणली जात होती. पण नाकाशी हात धरला तर काहीच नाही. मोटर फिरतेय, पट्टा फिरतोय, आणि हवा येत नाही. पंखा कट कट करत होता. बाहेर कढिलिंबावर कावळा ओरडत होता. हवेवर जगणारा मी, बायकोच्या नाकाशी उलटा हात धरून बसलो होतो आणि तिथे हवा नव्हती.

दारात अम्मा आल्या. "सुगुणा निजली का?"

मी म्हटलं, "अम्मा, हळू. ती श्वास घेत नाहीय."

तेवढ्यात ती अशी दचकली की पलंग हलला, घशातून बुडणाऱ्या माणसासारखा आवाज आला, आणि डोळे न उघडता ती पुन्हा घोरू लागली. आणि पुन्हा थांबली. मी तिला हलवून उठवलं.

"काय हो? आत्ता तर डोळा लागला होता."

संध्याकाळी मी तिला फोन ऐकवला. ती कणीक मळत होती. अम्मा शेवग्याचा पाला काढत बसल्या होत्या.

"हे तुम्हीच आहात," घोरणं ऐकून ती म्हणाली. मग शांतता झाली. "बंद का केलंत?"

"बंद नाही केलं. पंखा ऐकू येतोय बघ."

पंख्याची कट कट येत होती. कावळा येत होता. आणि त्या शांततेतून अम्मांचा आवाज आला, सुगुणा निजली का, आणि मागोमाग माझा. आणि मग तो घशाचा आवाज.

अम्मांच्या हातातली डहाळी तशीच राहिली. "ते मीच बोलले की," त्या म्हणाल्या. "मग निजलेली ती कोण?" आणि त्यांनीच तोंडावर पदर धरला.

सुगुणाने हात धुतले. सावकाश, एकेक बोट. मग खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढली आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "या, इथे पडा." मी बोटाने तिच्याकडे दाखवलं. नंतर त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, श्वास अडतो. मेंदू घाबरून झोप मोडतो, वाट उघडते, आणि हे सतत चालू राहतं. माणसाला वाटतं आपण झोपलो, पण अंग रात्रभर लढत असतं. जाड माणसांना जास्त होतं हे खरं, पण हिचा जबडा लहान, वाट मुळातच अरुंद, त्यात वय. "बायकांचं असंच राहून जातं," ते म्हणाले. "दमली आहे म्हणतात, कामाचा ताण म्हणतात. आणि घरात घोरणारा नवरा असेल तर विचारायलाच नको."

माझ्या कुंडलीत काय निघालं, तर मी नुसता घोरतो. निव्वळ आवाज. सैल पत्रा.

तिला मुखवट्याचं यंत्र दिलं. उशाशी एक डबा, त्यातून नळी, नाकावर मऊ मुखवटा. डबा सतत हलका दाब देतो आणि हवेच्या त्या दाबाने गळ्याची वाट उघडी राहते. मी डब्याकडे बघितलं आणि मला हसू यावं की रडू, कळेना. कॉम्प्रेसरच्या घरातलंच, एवढंसं पिल्लू.

ती तो मुखवटा फेकून द्यायची. गुदमरतं म्हणायची. आरशात बघून म्हणाली, "सोंड आली." अम्मांनी त्या यंत्राचं नाव पिळ्ळैयार ठेवलं, आणि गणपतीला फेकायचं नसतं म्हणून निदान फेकणं थांबलं. दवाखान्यातल्या मुलीने सुचवलं की आधी जागेपणी लावून बसायची सवय करा. मग सुगुणा दुपारी सोंड लावून रेडिओवर गाण्याची कच्चेरी ऐकायची, मांडीवर ताल धरून. मुखवट्यातून हवा गळतेय असं ती म्हणाली, तेव्हा मी आमच्या धंद्याप्रमाणे वाटीत साबणाचं पाणी कालवलं आणि ब्रशने तिच्या गालांवर कडेकडेने लावलं. गळती असेल तिथे बुडबुडा येतो. तिच्या डाव्या गालावर लिंबाएवढा बुडबुडा आला. अम्मा इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पट्टा एक घर आवळला, गळती गेली. दाबाचं बटण मात्र मी हात मागे बांधून नुसतं बघायचो, कारण त्या मुलीने बजावलं होतं, "सार, दाब डॉक्टर ठरवतील. तुम्ही नाही."

माझी गादी परत आत आली. मी घोरतो, ती नळीतून सूं करते. मला मात्र अजून तिच्या सूं मध्ये खंड पडला असं वाटतं आणि मी उठून बसतो. स्क्रूड्रायव्हर उशाशी नाही, एवढंच.

या मार्गळीत सभेला गेलो. ती पूर्ण जागी. मध्यंतरात कॉफी पिताना म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं हा गवई बरा गातो." स्कूटर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर परत मिळाली. राजमाणिक्कमनी आयुधपूजेला आमच्या पिळ्ळैयारसाठीही हार पाठवला होता, तो तिने डब्याला घातला.

परवा सकाळी ती कॉफीचं डिकॉक्शन काढत होती. गालांवर पट्ट्यांचे वळ होते, चेहरा ताजा. पलीकडे अम्मा सुपारी कातरत होत्या. ती त्यांच्याकडे बघत थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग दूध तसंच गॅसवर ठेवून माझ्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "त्या रविवारी अम्मा हो म्हणाली असती तर?"